फौजदारी न्याय आणि कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं, पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात नोकरी करणारे, आणि मुलीच्या ॲडमिशनसाठी धावपळ करणारे पालक, यांच्याकडून हे प्रश्न सारखे येतात. साध्यापासून किचकटाकडे असा क्रम लावला आहे. जे एका उत्तरात आलं ते दुसऱ्यात पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दरवर्षी बदलणाऱ्या तारखा, फी आणि जागा मुद्दाम टाळल्या आहेत. त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात.

१. मला ‘क्रिमिनल जस्टिस’ शिकायचंय. एलएलबी, एलएलएम, एमए क्रिमिनॉलॉजी, एमएस्सी फॉरेन्सिक… यातलं नक्की काय घ्यायचं?

आधी काम कुठे करायचंय ते ठरवा, डिग्री आपोआप ठरते. न्यायालयात उभं राहायचं असेल, वकील म्हणून किंवा पुढे न्यायाधीश म्हणून, तर एलएलबीला पर्याय नाही. रक्ताचे डाग, विषाचे अंश, मोबाइलमधला पुसलेला डेटा तपासायचा असेल तर फॉरेन्सिक सायन्स. कैदी, त्यांची कुटुंबं, विधिसंघर्षग्रस्त मुलं (ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी), गुन्ह्याचे बळी यांच्यासोबत काम करायचं असेल, किंवा गुन्हा का घडतो याचा अभ्यास करायचा असेल, तर क्रिमिनॉलॉजी. शिकवायचं आणि संशोधन करायचं असेल तर एलएलबीवर एलएलएम.

एमए किंवा एमएस्सी हे पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. एलएलएम मात्र एलएलबीनंतरच करता येतो, नुसत्या बीएवर नाही. तीन वर्षांची एलएलबी पदवीनंतर करायची असली तरी कागदोपत्री ती पदव्युत्तर पदवी धरली जात नाही. ‘पदव्युत्तर पदवी आवश्यक’ अशी अट असलेल्या जाहिरातीला बीकॉम-एलएलबी चालत नाही, हे पुष्कळांना फॉर्म भरताना कळतं.

२. एमए क्रिमिनॉलॉजी केल्यावर कोर्टात केस लढता येते का?

नाही. वकिली करायला १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद लागते, आणि सनदेला बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेली एलएलबी लागते. एमए, एमएसडब्ल्यू, एमएस्सी, ‘डिप्लोमा इन क्रिमिनल लॉ’, यातलं काहीही चालत नाही. काही खासगी संस्थांच्या जाहिरातीत काळा कोट घातलेली मुलं दाखवतात आणि खाली बारीक अक्षरांत कोर्सचं नाव वेगळंच असतं. प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: या डिग्रीवर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा सनद देईल का? ‘हो’ लेखी देत नसतील तर काय समजायचं ते समजा.

३. मग क्रिमिनॉलॉजीवाल्यांना काम मिळतं कुठे?

खरं सांगायचं तर ‘क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी सरकारी जाहिरात आपल्याकडे क्वचितच निघते. काम आहे, पण ते वेगळ्या नावांनी येतं.

तुरुंग आणि न्यायालयांशी जोडलेल्या संस्था हा पहिला मोठा भाग. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये क्रिमिनॉलॉजी समाजकार्याच्या अंगाने शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तिथलाच ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कच्चे कैदी (ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे), सुटून आलेले लोक, स्त्रिया आणि तरुण आरोपी यांच्यासोबत काम करतो. या कामात दिवस जातो तो जामीनदार शोधण्यात, गावी घरच्यांना निरोप देण्यात, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळवून देण्यात. ज्यांना हे ऐकून कंटाळा आला त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये. ज्यांना उत्सुकता वाटली त्यांनी जरूर घ्यावा.

दुसरा भाग बालकांचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्य सदस्य असतात आणि त्यातली एक स्त्री असावी लागते. बाल कल्याण समित्या, निरीक्षणगृहं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, इथेही समाजकार्य, मानसशास्त्र, विधी आणि क्रिमिनॉलॉजी शिकलेले लोक दिसतात. पगार बऱ्याचदा मानधनाच्या स्वरूपात आणि करार ठरावीक मुदतीचा असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरा भाग खासगी: बँका आणि विमा कंपन्यांचे फसवणूक तपास विभाग, कंपन्यांची अंतर्गत चौकशी. इथे क्रिमिनॉलॉजीपेक्षा हिशेब आणि संगणकाची जाण जास्त विकली जाते.

एमए क्रिमिनॉलॉजीसाठी महाराष्ट्राबाहेर पाहायची तयारी ठेवा. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ पासून हा विभाग आहे. सांगली-कोल्हापूरकरांना धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जवळ पडतं. मद्रास विद्यापीठाचा विभागही नावाजलेला आहे.

४. मी पीएसआयची तयारी करतोय. सोबत क्रिमिनॉलॉजी किंवा एलएलबी केलं तर निवडीत फायदा होतो का?

निवडीत नाही. एमपीएससीच्या पीएसआय परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, कायद्याच्या पदवीला वेगळे गुण मिळत नाहीत. भरती झाल्यावर मात्र फरक पडतो: पंचनामा कसा लिहायचा, कोणतं कलम टिकेल, दोषारोपपत्रात काय राहून गेलं, हे एलएलबी झालेल्या अधिकाऱ्याला लवकर कळतं. पण परीक्षेच्या ऐन तयारीत एलएलबीची ॲडमिशन घेऊन दोन्हीकडे अर्धवट राहिलेली मुलं पाहून आमचा सल्ला ठरलाय. आधी एक पार पाडा.

५. तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश कसा मिळतो? वयाची अट आहे का?

महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी द्यावी लागते आणि नंतर केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून कॉलेज मिळतं. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के लागतात. प्रश्न बहुपर्यायी असतात. कायद्याची समज, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी असे भाग असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

वयाची कमाल अट नाही. पन्नाशीतले विद्यार्थी वर्गात असणं आता नवीन राहिलेलं नाही.

पसंतिक्रम भरताना नावाच्या मागे लागून गावापासून तीनशे किलोमीटरवरचं कॉलेज वर टाकू नका. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. तिथे जागा मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर जिल्हा न्यायालयाच्या जवळचं साधं कॉलेज चांगलं. दुपारी न्यायालयात जाऊन बसता आलं तर फौजदारी कायदा निम्मा तिथेच शिकून होतो.

६. माझं बीए यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून झालंय. एलएलबीला चालेल का?

चालेल की नाही हे बीएवर नाही, त्याआधीच्या शिक्षणावर ठरतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पाचव्या नियमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. दहावी, बारावी आणि मग पदवी अशा क्रमाने गेलेला माणूस दूरस्थ किंवा मुक्त पद्धतीने पदवीधर झाला असला तरी पात्र आहे. पण बारावी न करता, पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट मुक्त विद्यापीठाच्या पदवीला गेलेला माणूस पात्र धरला जात नाही.

हा नियम अन्यायाचा वाटतो आणि तसं मानणारे पुष्कळ आहेत. शाळा सुटलेली, पुढे जिद्दीने पूर्वतयारीवरून पदवी मिळवलेली माणसंच त्यात अडकतात. पण आज तो आहे, आणि प्रवेशाच्या वेळी नजर चुकवून पुढे गेलात तरी सनदेच्या अर्जाला दहावी-बारावीची प्रमाणपत्रं मागतातच. तीन वर्षं घालवून तिथे अडकण्यापेक्षा आधी बारावी करा, मग त्यानंतरची पदवी, मग एलएलबी. वेळ लागतो, पण कागद पक्के होतात.

७. नोकरी करत एलएलबी करता येते का? रात्रीचं किंवा पत्राने?

पत्राने किंवा ऑनलाइन एलएलबीला बार कौन्सिलची मान्यता नाही, कुणी काहीही सांगो. वर्गाच्या वेळेचं म्हणाल तर पूर्ण निवासी नसलेल्या संस्थेत सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या दरम्यान वर्ग घ्यावेत असा नियम आहे. सकाळचे वर्ग असलेली कॉलेजं नोकरदारांना म्हणूनच सोयीची पडतात.

हजेरी प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते. ‘फक्त परीक्षेला या’ असं सांगणाऱ्या कॉलेजांची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. पण २४ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीचा आग्रह धरला आणि विद्यार्थ्याने नोकरीची माहिती व मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं असं सांगितलं. त्यामुळे नोकरी लपवू नका. सरकारी नोकरांनी, पोलिसांनी तर नक्कीच, खात्याची लेखी परवानगी आधी काढावी.

एकाच वेळी दोन नियमित पदव्या चालत नाहीत. यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्यांना मुभा दिली खरी, पण एलएलबीला बार कौन्सिलचा नियम लागतो, आणि तो मनाई करतो. लहान मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात. इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरस्थ पद्धतीने आहे. नोकरीत राहून विषय समजून घ्यायचा असेल, सनद नको असेल, तर तो स्वस्तातला चांगला मार्ग.

नोकरीत असताना एलएलबी झाली, तरी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही. त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

८. मी मराठी माध्यमाची. इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल, पण कुठपर्यंत हे समजून घ्या. सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. एलएलबीचा पेपर मराठीत लिहायची सोय राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत आहे. वकिलांची अखिल भारतीय परीक्षाही (ती काय ते प्रश्न १७ मध्ये) मराठीत देता येते. आणि महत्त्वाचं म्हणजे २१ जुलै १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत होते. तिथे इंग्रजीच्या जोरावर आलेले पुष्कळ वकील ‘तुमचं आणि फिर्यादीचं बांधावरून वाजलं होतं की नाही?’ एवढा सरळ प्रश्नही विचारू शकत नाहीत.

उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय मात्र इंग्रजीत चालतं, निकाल इंग्रजीत असतात, एलएलएमची पुस्तकं आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅटही इंग्रजीत. म्हणून मराठीत उत्तरं लिहा, पण रोज एक निकाल इंग्रजीत वाचा. सुरुवात दहा पानांच्या जामीन आदेशापासून करा, घटनापीठाच्या पाचशे पानांपासून नको.

९. एलएलएम एक वर्षाचं घ्यावं की दोन वर्षांचं?

यूजीसीने २०१३ पासून एक वर्षाच्या एलएलएमला वाट करून दिली. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत हाच प्रकार आहे आणि तिथे प्रवेश क्लॅट पीजीवरून होतो. त्यासाठी एलएलबीत मिळालेले गुण खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, एससी-एसटी व दिव्यांगांना ४५ टक्के लागतात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. इथे चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे प्रश्न ५ मधली युक्ती उलटी पडते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही वेगळी परीक्षा.

दोन वर्षांचं एलएलएम आपल्या पारंपरिक विद्यापीठांत असतं, फी कमी, आणि सनद असलेल्यांना तालुक्याच्या गावाहून ये-जा करत जमण्यासारखं. २०२१ च्या सुरुवातीला बार कौन्सिलने एक वर्षाचं एलएलएम बंद करणारे नियम काढले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अभ्यासक्रम चालूच राहिले. ‘एक वर्षाचं एलएलएम बंद झालं’ हा निरोप त्या वेळचा आहे, अजून फिरतोय.

१०. क्रिमिनल लॉमध्ये एलएलएम केलं की फौजदारी वकिली चांगली चालते का?

नाही चालत, निदान एलएलएममुळे तरी नाही. पक्षकार भिंतीवरची पदवी वाचत नाही. शेजारच्या माणसाला जामीन कुणी करून दिला ते विचारतो. फौजदारी काम सीनियरच्या हाताखाली शिकता येतं: रिमांडला काय बोलायचं, फिर्याद आणि पुरवणी जबाब यातली तफावत कशी काढायची, रोजनामा कसा वाचायचा. एलएलएमचा उपयोग शिकवण्यासाठी होतो. सहायक प्राध्यापकासाठी एलएलएमला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी. नेटला विधी, क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्स हे तीन वेगळे विषय आहेत. क्रिमिनॉलॉजीत नेट झालेल्याला विधी महाविद्यालयात कायदा शिकवता येत नाही.

अपवाद एक. घटनात्मक आव्हानं, मृत्युदंडाची प्रकरणं, आर्थिक गुन्हे अशा कामात संशोधनाची सवय उपयोगी पडते. पण दोन-तीन वर्षं न्यायालयात घालवून मग एलएलएमला गेलेला विद्यार्थी वर्गात कसे प्रश्न विचारतो ते एकदा ऐका, म्हणजे आम्ही ‘आधी सनद, मग एलएलएम’ का म्हणतो ते कळेल.

११. दादाची जुनी पुस्तकं आहेत, आयपीसी, सीआरपीसी. ती चालतील का?

अर्धी. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि जुना पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. आयपीसीची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. तत्त्वं, म्हणजे हेतू, समान उद्देश, खून आणि सदोष मनुष्यवध यातला फरक, बहुतांश तीच. क्रमांक मात्र बदलले, आणि घोटाळा तिथेच होतो.

खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये गेली. आजच्या न्याय संहितेत ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). फिर्याद सीआरपीसीच्या १५४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली नोंदवतात. सगळ्यात फसवं ४८२: सीआरपीसीत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, एफआयआर रद्द करायला जायचं ते. आता तो अधिकार ५२८ मध्ये आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेतलं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. जुना निकाल वाचताना ‘४८२’ दिसलं की आधी साल पाहा.

जुनी पुस्तकं फेकू मात्र नका. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा आयपीसीप्रमाणेच होणार, आणि त्या दिवशी चालू असलेले तपास व खटले जुन्या सीआरपीसीप्रमाणेच पुढे जातात. गुन्हा जुना पण फिर्याद नंतरची असेल तर? कलम आयपीसीचं, कार्यपद्धती नव्या संहितेची, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. परीक्षेत हा प्रश्न येतो, आणि न्यायालयात तो आणखी बरीच वर्षं येत राहणार. तुलनात्मक तक्ता असलेला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, विकत घ्या, गाइड नको.

१२. न्यायाधीश व्हायचंय. एलएलएमचं वर्ष तीन वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये धरतात का?

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यापासून नाही. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. ज्या भरतीची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती तिला ही अट लागू केली नाही.

एलएलएम म्हणजे वकिली नव्हे. अनुभवाचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून, किंवा त्यांनी दुजोरा दिलेला, किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून लागतो. सनद घेऊन वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या वसतिगृहात राहिलात तर असा दाखला कोण आणि कशाच्या जोरावर देणार? वकीलपत्रं आणि तुमचं नाव असलेले रोजनामे पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. महाराष्ट्रात ही परीक्षा एमपीएससी घेते. अर्जाच्या वेळी चालू जाहिरातीतली अटच अंतिम.

१३. सरकारी वकील आणि सहायक सरकारी अभियोक्ता एकच का?

वेगळे. सहायक सरकारी अभियोक्ता दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सरकारची बाजू मांडतो, भरती एमपीएससीतून होते आणि जाहिरातीत वकिलीच्या अनुभवाची अट असते. सत्र न्यायालयातल्या सरकारी अभियोक्त्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे सात वर्षं वकिली लागते, विशेष सरकारी अभियोक्त्याला दहा.

समोरची बाजूही पाहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत आता लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथे गरीब आरोपींसाठी मुख्य, उप आणि सहायक बचाव वकील नेमतात. सहायकाच्या जागेला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेले नवे वकील घेतात. करारी नोकरी आहे, पण पहिल्या वर्षापासून स्वतःच्या हाताने खटले चालवायला मिळतात. सीनियरच्या मागे फाइल धरून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

१४. माझं बीकॉम झालंय. फॉरेन्सिक सायन्सला जाता येईल का?

एमएस्सी फॉरेन्सिकला विज्ञान शाखेची पदवी लागते, त्यामुळे तिथे नाही. न्यायसहायक (फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या बहुतेक तांत्रिक पदांनाही तीच अट. बीकॉमवाल्यांनी फसवणूक तपास आणि हिशेबांची छाननी या अंगाने जावं.

विज्ञानवाल्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झालं, त्याचा परिसर गोव्यातही आहे. मागणी वाढणार आहे याला कारण आहे: सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. जागा निघायला लागणारा वेळ हा आपल्याकडे वेगळाच विषय.

१५. अमेरिकेत मास्टर्स इन क्रिमिनल जस्टिस केलं तर तिथे वकील होता येतं का?

नाही. तिथला हा अभ्यासक्रम पोलीस प्रशासन, परिविक्षा, सुधारगृहं, धोरण आणि आकडेवारी यांचा आहे. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज त्यासाठी प्रसिद्ध. तिथे वकील व्हायला जेडी ही तिथली कायद्याची पदवी लागते. भारतातली एलएलबी असेल तर अमेरिकी एलएलएम करून न्यूयॉर्कसारख्या राज्यात अटी पूर्ण करून बारच्या परीक्षेला बसता येतं. शिवाय तिथल्या पोलीस आणि संघीय तपास यंत्रणांच्या बऱ्याच नोकऱ्यांना नागरिकत्वाची अट असते. कर्ज काढण्याआधी हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवा.

ब्रिटनमध्ये क्रिमिनॉलॉजीचं मास्टर्स साधारण एक वर्षाचं. केंब्रिजची क्रिमिनॉलॉजी संस्था १९५९ पासूनची आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परत येऊन शिकवायचं असेल तर परदेशी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो. जाण्याआधीच त्याची लेखी चौकशी करा.

१६. माझ्यावर भांडणाची एक एफआयआर आहे. एलएलबीला किंवा सनदेला अडचण येईल का?

नुसती एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४-अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, आणि ही अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. पण प्रश्न ७ मध्ये आलेल्या परिपत्रकाने विद्यार्थ्याने एफआयआर, चालू खटला, शिक्षा किंवा निर्दोष सुटका, सगळं जाहीर करावं असं म्हटलं आहे. लपवणं हेच बऱ्याचदा मूळ केसपेक्षा महाग पडतं. प्रकरण आपसात मिटलेलं असेल तर एफआयआर रद्द करून घ्यायचा अर्ज कोणत्या कलमाखाली होतो ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१७. एलएलबी झाली, लगेच नोकरी लागली. सनद घेतलीच नाही, किंवा घेऊन तशीच ठेवली. आता?

सनद घेतलीच नसेल तर उशिरा घ्यायला हरकत नाही, कमाल वयाची अट नाही. नोंदणी फी ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि एससी-एसटींना १२५ रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. याव्यतिरिक्त ‘इतर खर्च’ मागितला तर पावती मागा. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय परीक्षा पास व्हावी लागते. २००९-१० पासून पुढे पदवी घेतलेल्या सगळ्यांना ती लागू आहे. बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, टिपा लिहिलेला नाही.

सनद घेऊन पूर्णवेळ पगारी नोकरी धरली असेल तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे ती कळवून वकिली स्थगित करावी लागते. पुष्कळजण कळवत नाहीत, आणि पुढे न्यायाधीशाच्या परीक्षेला तीच वर्षं अनुभव म्हणून दाखवतात. भविष्य निर्वाह निधीची एक नोंद हे उघडं पाडायला पुरेशी असते. पोलीस आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांनी निवृत्ती किंवा राजीनाम्यानंतरच सनद घ्यावी.

१८. प्रबंधासाठी विषय सुचवा. तुरुंगावर करायचाय, पण परवानगी मिळत नाही.

परवानगी तुरुंग विभागाकडून यावी लागते आणि सहा महिन्यांच्या प्रबंधाला ती वेळेत मिळेल यावर विसंबू नका. अर्ज करा, पण आत न जाता होण्यासारखा विषय धरा.

उदाहरणार्थ, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या कैद्यांत ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायला सांगतं. जन्मठेप वा मृत्युदंडाचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असलेले वगळून. तुमच्या जिल्ह्यात याचा लाभ किती जणांना झाला? माहितीचा अधिकार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि ई-कोर्ट्सवरचे आदेश एवढ्यावर हा प्रबंध उभा राहतो. तसंच बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची मदत अर्जापासून हातात पडेपर्यंतचा प्रवास. किंवा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतलं जातीवर आधारलेलं कामवाटप सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यानंतर कारागृह नियमावलीत काय बदललं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूर खुली वसाहत तर १९३९ पासून आहे. त्या भागातल्या विद्यार्थ्यांनी ती सोडून परदेशी खुल्या तुरुंगांवर का लिहावं हे आम्हाला समजलेलं नाही.

आकडे वापरताना एक जपा. ‘क्राइम इन इंडिया’त एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात मोजला जातो, बलात्कारात नाही. तक्ता उतरवण्याआधी त्याच्या सुरुवातीचं स्पष्टीकरण वाचा, कारण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.